सेगावची कुटी आणि बांची खोली : एक प्रकरण अभ्यास

सेवाग्रामला जाणारा माणूस बहुधा बापू कुटीच्या दाराशी थांबतो, आतली सारवलेली जमीन, बैठकीची जागा, भिंतीवरची मातीतली नक्षी मान लववून पाहतो आणि भारावलेल्या मनाने पुढे निघतो. तिथून काही पावलांवर बा कुटी आहे. तिच्यापुढे फारसे कोणी रेंगाळत नाही. सोयींच्या घरातून खेड्यातल्या मातीच्या घरात राहायला गेलेल्या कुटुंबाला नेमके काय जड जाते, हे ज्याला समजून घ्यायचे असेल, त्याने मात्र या दुसऱ्या कुटीपाशी अधिक वेळ काढावा, असे मला वाटते. १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत गांधीजी, कस्तुरबा म्हणजेच बा आणि त्यांच्याभोवती जमलेले विस्तारित कुटुंब वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ज्या रीतीने रुळले, त्याचा हा अभ्यास आहे. या काळाचा राजकीय इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. येथे लक्ष आहे ते घराकडे, म्हणजे त्याच्या भिंती, पडवी, वाटा आणि आडोसे यांच्याकडे.

सेगावात येण्यापूर्वी

दांडीयात्रेसाठी १२ मार्च १९३० रोजी साबरमतीचा आश्रम सोडताना स्वराज्य मिळाल्याशिवाय तेथे राहायला परतायचे नाही, असा गांधीजींचा निश्चय होता, आणि १९३३ मध्ये तो आश्रम त्यांनी विसर्जितच केला. त्यानंतर वर्ध्याचे उद्योजक जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून ते वर्ध्याला आले आणि जमनालालजींनी दिलेल्या बागेत, जिला पुढे मगनवाडी हे नाव मिळाले, राहू लागले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. कार्यकर्त्यांनी खेड्यात जाऊन वस्ती करावी, असे गांधीजी सर्वांना सांगत होते. ते स्वतः मात्र वर्ध्यासारख्या गावात, पक्क्या इमारतीत राहत होते, आणि ही विसंगती त्यांना बोचत होती. त्यांच्या इंग्रज शिष्या मीराबेन त्यांच्याआधीच निघाल्या होत्या. वर्ध्याजवळच्या सिंदी गावात सफाईचे काम केल्यानंतर त्या सेगावात जाऊन राहिल्या.

सेगाव वर्ध्यापासून सुमारे आठ किलोमीटरवर होते. वस्ती सहाशेच्या आसपास, त्यात दलितांचे प्रमाण मोठे. गावाची बरीचशी जमीन मालगुजार (सरकारला सारा भरणारा जमीनदार) या नात्याने जमनालालजींकडे होती. पक्का रस्ता नव्हता, टपालघर नव्हते, दवाखाना नव्हता. वऱ्हाड-वर्ध्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात गाडीवाट कशी होते, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको. बैल गुडघ्यापर्यंत रुततात आणि चालणाऱ्याच्या पायाला प्रत्येक पावलागणिक चिखलाचा गोळा चिकटत जातो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या गावात आले. तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते आणि त्याच वर्षाच्या आरंभी रक्तदाब वाढल्यामुळे त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. कस्तुरबाही साधारण तेवढ्याच वयाच्या होत्या. या स्थलांतराचा विचार करताना वयाची ही बाजू दुर्लक्षून चालणार नाही. बांना साधेपणाची ओळख नव्याने होणार नव्हती. पोरबंदरच्या व्यापारी घरातली ही मुलगी राजकोटच्या सासरी नांदली, दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बंगल्यात राहिली, तेथून फिनिक्सच्या वसाहतीत आणि पुढे टॉल्स्टॉय फार्मवर गेली, भारतात परतल्यावर आधी कोचरब आणि मग साबरमती असे दोन आश्रम तिने सांभाळले. एवढ्या वेळा मोडून मांडलेला संसार उतारवयात पुन्हा एकदा मोडून, या वेळी मातीच्या भिंतींच्या घरात मांडायचा होता. घर बदलण्याचा निर्णय प्रत्येक वेळी पतीचा होता आणि नव्या घराची घडी बसवण्याचे काम प्रत्येक वेळी बांकडे येत होते. या प्रकरणातली ही मूळ गोष्ट मी मानतो.

एका खोलीचे घर

गांधीजींची सुरुवातीची कल्पना सेगावात एकट्याने राहण्याची होती. आश्रम नको, सोबती नकोत, बांची इच्छा असेल तर त्यांनी यावे, एवढेच. घरासाठी त्यांनी घातलेल्या अटीही स्पष्ट होत्या: खर्च पाचशे रुपयांच्या आत राहावा, सामान आसपासच्या परिसरात मिळणारे असावे आणि मजूर गावातलेच असावेत. उन्हाळ्यातले काही आठवडे ते प्रकृतीसाठी नंदी हिल्सला जाऊन आले, आणि पावसाळ्याच्या तोंडावर, जून १९३६ मध्ये, नव्या घरात राहू लागले. आज आदि निवास म्हणून ओळखली जाते ती हीच इमारत.

मातीच्या जाड भिंती, बांबू आणि लाकडाचा सांगाडा, वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, उतरते छप्पर, मध्ये एक मोठी खोली आणि भोवती पडवी, असे तिचे रूप आहे. विदर्भातल्या हवेसाठी ही रचना अत्यंत शहाणपणाची आहे. मातीची भिंत दिवसाचे ऊन सहजासहजी आत शिरू देत नाही, कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खोल उतरलेली पडवी भिंतीला उन्हापासून आणि झडीपासून वाचवते. गावातल्या गवंड्याला आणि सुताराला हे ज्ञान पिढीजात होते. गांधीजींच्या अटींनी त्याला मान मिळवून दिला, हे मोठे काम झाले असे मी मानतो.

पण घर म्हणजे केवळ हवा आणि ऊन नव्हे. एकट्या माणसासाठी योजलेल्या त्या खोलीत पाहता पाहता माणसे जमली. गांधीजींचे चिटणीस प्यारेलाल आले. मुन्नालाल शाह आले. सरहद्द प्रांतात जाण्यास बंदी असलेले खान अब्दुल गफार खान त्या काळात वर्ध्यात आणि सेगावात राहत असत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३६ सालीच सुमारे महिनाभर येथे मुक्काम केला, आणि त्यांच्या खंजिरीच्या भजनांनी त्या मातीच्या भिंती दुमदुमल्या. प्रत्येकाला एक कोपरा मिळाला. झोपणे, सूत कातणे, पत्रव्यवहार, आलेल्यागेलेल्यांशी बोलणे, आजाऱ्याची शुश्रूषा, सगळे एकाच छपराखाली चाले. पहाटे चारला उठून प्रार्थना, हा क्रम सर्वांना सारखाच होता.

पुरुषांच्या दृष्टीने ही मांडणी सोयीची नसली तरी निभावण्यासारखी होती. गांधीजींना तर एकांताची गरजच भासत नसे. चारचौघांत बसून लिहिणे, मालिश करून घेणे, उपवास करणे, मौन पाळणे त्यांना सहज जमे आणि आपले आयुष्य उघडे असावे, हे त्यांनी व्रतासारखे स्वीकारले होते. बांनी असे व्रत घेतलेले नव्हते. त्या जुन्या वळणाच्या, एकादशी पाळणाऱ्या, तुळशीरामायणात रमणाऱ्या, परक्या पुरुषांसमोर डोक्यावरचा पदर सावरणाऱ्या गृहिणी होत्या. लुगडे बदलायला आडोसा नाही, दुपारी पाठ टेकायला जागा नाही, दुखले-खुपले तर कण्हायलाही चार भिंती नाहीत, अशा घरात त्यांना दिवस काढायचे होते, आणि त्याच घरातला स्वयंपाक, वाढणे, पाहुण्यांची विचारपूस हेही त्यांच्याचकडे येत होते.

सुधारक मंडळी साधेपणाबद्दल बोलताना गरजा कमी करण्याबद्दल बोलतात. आडोसा ही गरज कमी करता येण्याजोगी आहे काय, हा प्रश्न त्यांना सहसा पडत नाही, कारण तो बहुतेक वेळा घरातल्या स्त्रीचा प्रश्न असतो. सेगावातल्या गरिबातल्या गरीब शेतकऱ्याच्या घरातही चूल असलेली आतली बाजू बायकांची असे, कुडाची किंवा तट्ट्याची एखादी भिंत मध्ये असे. गावाच्या साध्या घरात जे होते, ते गावाचे अनुकरण म्हणून बांधलेल्या या घरात राहून गेले. गांधीजींच्या योजनेतली ही त्रुटी मला गंभीर वाटते, आणि त्यांच्याविषयीच्या आदराला बाध न आणता ती नोंदवली पाहिजे.

ही अडचण ओळखली ती जमनालालजींनी. बांची कुचंबणा त्यांच्या लक्षात आली, त्यांनी गांधीजींजवळ विषय काढला आणि बांसाठी वेगळी छोटी कुटी बांधण्याची परवानगी मिळवली. हीच बा कुटी. तिच्यातही मातीच्या भिंती आणि कवेलूच होते, साधेपणाचा एकही नियम तिने मोडला नाही. फरक एवढाच, की तिला बांना लावून घेता येईल असे दार होते. पुढे आश्रमात आलेल्या मुली आणि स्त्रियाही बांच्या सोबतीने तेथे राहू लागल्या, त्यामुळे तो एकांतही पूर्ण त्यांचा राहिला नाही. तरी वसाहतीतल्या स्त्रियांना हक्काची एक जागा झाली. बांचे चिरंजीव रामदास यांचा मुलगा कानम हा लहानगा नातूही काही काळ आजीजवळ राहिला, आणि नातवाला जवळ घेऊन बसता येईल असे घर असणे बांना किती मोलाचे वाटले असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

पाऊस, ताप आणि ऊन

पहिला पावसाळा कठीण गेला. सेगाव तसे रोगट गाव होते. साचलेली डबकी, उघड्यावरची घाण आणि मच्छर यांमुळे हिवताप घरोघर होता. ऑगस्टच्या अखेरीस गांधीजींना हिवताप झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. खेड्यात राहून खेड्यातल्या माणसाला जे मिळते त्यावरच भागवायचे, असे ठरवलेल्या माणसाला शहराचा दवाखाना गाठावा लागला, ही गोष्ट त्यांना लागली असणार. त्याच सुमारास मीराबेन विषमज्वराने आजारी पडल्या. या अनुभवानंतर सफाई, उकळलेले पाणी, संडासाची योग्य व्यवस्था आणि आजाऱ्यांची शुश्रूषा यांना सेगावच्या दिनक्रमात जे स्थान मिळाले, ते शेवटपर्यंत टिकले. पुढे डॉ. सुशीला नायर यांनी येथे वैद्यकीय काम उभे केले, आणि आज बांच्या नावाने चालणारे सेवाग्रामचे मोठे रुग्णालय त्याच परंपरेतले आहे.

सापांचा प्रश्न होताच. शेतालगतच्या मातीच्या घरात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. मारायचे नाही असे ठरल्यावर साप धरायचा लाकडी चिमटा आणि त्याला ठेवून दूर सोडून देण्यासाठी पिंजरा अशी व्यवस्था झाली. या वस्तू आजही तेथे पाहायला मिळतात.

ऊन ही त्याहून चिवट गोष्ट. वर्ध्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. ओल्या मातीची पट्टी कपाळावर आणि पोटावर ठेवणे, डोक्यावर ओले फडके घेणे, रात्री उघड्या आभाळाखाली खाटा टाकून झोपणे, असे गावठी आणि निसर्गोपचाराचे उपाय सर्वांनी स्वीकारले. जून १९४२ मध्ये आठवडाभर राहायला आलेले अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांना ती उष्णता इतकी असह्य झाली, की पाण्याच्या टबात बसून ते टंकलेखन करीत. आठवडाभराचा पाहुणा टबात बसू शकतो. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला ती मुभा नसते. बांनी असे सहा उन्हाळे काढले.

महादेवभाईंची पायपीट

या प्रकरणात दुसरेही एक कुटुंब आहे. गांधीजींचे चिटणीस महादेव देसाई, त्यांच्या पत्नी दुर्गाबेन आणि मुलगा नारायण हे तिघे आरंभी मगनवाडीतच राहिले, कारण सेगावात सोबत्यांनी राहू नये असा गांधीजींचा संकल्प होता. परिणामी महादेवभाई रोज सकाळी टपाल आणि कागदपत्रे घेऊन मगनवाडीहून सेगावला पायी येत आणि संध्याकाळी परत जात. साडेपाच मैल जाणे, साडेपाच मैल येणे, आणि काही दिवशी हा फेरा दोनदा. वैशाखातही तो चुकला नाही. त्यांची प्रकृती ढासळली, रक्तदाब वाढला, आणि मग सेगावात त्यांच्या कुटुंबासाठी स्वतंत्र कुटी बांधली गेली.

खेड्यात राहायला जाणाऱ्या कुटुंबाला घर आणि काम यांतले अंतर किती महागात पडते, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा मला ठाऊक नाही. एका माणसाने साधे राहण्याचा संकल्प करावा आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या पायांनी मोजावी, असे येथे काही काळ घडले. महादेवभाईंनी तक्रार केली नाही, त्यांची निष्ठाच तशी होती. म्हणूनच ही व्यवस्था बदलायला उशीर झाला असावा, असे मला वाटते. ज्या घरात कोणी तक्रार करीत नाही, त्या घरात गैरसोय फार दिवस टिकते. कुटी झाल्यावर दुर्गाबेनचा संसार वसाहतीत आला, बांना हाकेच्या अंतरावर सोबत मिळाली आणि नारायणचे बालपण बापूंच्या अंगणात गेले. नेहमीच्या शाळेत न जाता तो वडिलांच्या आणि आश्रमातल्या मंडळींच्या हाताखाली शिकला.

कुट्या वाढत गेल्या

आदि निवासातील गर्दी वाढल्यावर गांधीजी स्वतःही तेथून हलले. मीराबेन यांनी आपल्यासाठी बांधलेली कुटी त्यांनी वापरायला घेतली आणि तीच पुढे बापू कुटी म्हणून प्रसिद्ध झाली. शिंदीची झाडे, मोर, चरखा आणि ओम् ही भिंतीवरची मातीची उठावदार नक्षी मीराबेन यांच्या हातची आहे. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची ही मुलगी खेड्यातल्या मातीशी इतकी एकरूप झाली होती, की ज्या भिंतीला लोक आज गांधीजींच्या साधेपणाची खूण मानतात, तिच्यावरचे सौंदर्य तिने स्वतःच्या घरासाठी, स्वतःच्या आनंदासाठी घडवले होते. साध्या घराला सुंदर होण्याचा हक्क आहे, हे मीराबेन यांनी कोणताही वाद न घालता दाखवून दिले.

याच कुटीत न्हाणीघर आणि कमोडची नेटकी सोय होती, पुढे व्हाइसरॉयशी संपर्क साधता यावा म्हणून सरकारने दूरध्वनीही बसवला. खेड्यातल्या कुटीत दूरध्वनी कशाला, असे विचारणारे तेव्हाही होते, पण त्यामागची अडचण खरी होती. साऱ्या देशाचे राजकारण ज्या घरात येऊन बसले, त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारा दोर लागणारच. टपालाचेही तेच. सेगावची पत्रे संत गजानन महाराजांच्या शेगावला जाऊन पडत, तिथून फिरून येत, आणि हा गोंधळ टाळण्यासाठी १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. आज इतके भारदस्त वाटणारे हे नाव टपालाच्या घोटाळ्यातून आले आहे.

माणसे येतच राहिली. राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातून येऊन येथे चिटणीसाचे काम करू लागल्या. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रयाला आले. त्यांच्यासाठी वेगळी कुटी झाली आणि गांधीजी स्वतः त्यांना मालिश करीत. एकट्याने राहायला आलेल्या माणसाभोवती असे एक गाव वसले. वास्तूंच्या क्रमाने पाहिले, तर प्रत्येक कुटी ही आधीच्या कुटीत न भागलेल्या एखाद्या गरजेची नोंद आहे: बांच्या आडोशाची, महादेवभाईंच्या थकल्या पायांची, परचुरे शास्त्रींच्या शुश्रूषेची. या कुटुंबाचे रुळणे कोणत्याही प्रवचनापेक्षा या मातीच्या भिंतींत जास्त स्वच्छ वाचता येते, आणि मला त्यात कमीपणा दिसत नाही. संकल्प जसाच्या तसा धरून ठेवण्यापेक्षा माणसांना लागेल तशी आणखी एक भिंत उभारणे, खर्च आणि सामानाची शिस्त न सोडता उभारणे, हे अधिक कठीण आणि अधिक प्रामाणिक काम होते.

या घरांची देखभाल हा मात्र न संपणारा उद्योग असतो. माती दर पावसाळ्यात झिजते, पडवीच्या कडा खचतात, कवेलू सरकतात, माकडे ते फोडतात. शेणामातीने सारवणे हे काम एकदा करून भागत नाही. सेवाग्रामच्या कुट्या आजही उभ्या आहेत, कारण त्यांना आजही माणसांचे हात लागतात. खेड्यात मातीचे घर बांधून राहू इच्छिणाऱ्या आजच्या कुटुंबांनी घर बांधायच्या खर्चाबरोबर या हातांचाही हिशेब करावा, आणि ते हात घरात कोणाचे असणार आहेत, हेही आधीच आपसांत बोलून घ्यावे.

ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या अधिवेशनासाठी गांधीजी, बा आणि महादेवभाई सेवाग्रामहून निघाले. ९ ऑगस्टला अटकसत्र सुरू झाले आणि तिघेही पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध झाले. १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी बा गेल्या. उंच कमानींच्या त्या महालात बांना सेवाग्रामच्या आपल्या खोलीची आठवण वरचेवर होत असणार. त्याच वर्षी सुटकेनंतर गांधीजी सेवाग्रामला परतले आणि २५ ऑगस्ट १९४६ पर्यंत, अधूनमधून प्रवास करीत, तेथे राहिले. बा कुटी तेव्हाही होती तशीच, चार मातीच्या भिंती आणि एक दार एवढीच होती, आणि अंगणात बांनी लावलेली बकुळ वाढत होती.